दसऱ्याला हार, बाकी वर्षभर ताडपत्री

पत्र थोडक्यात असं: लिहिणारे सांगलीचे, वय ४४, नोकरदार. घरी पत्नी आणि अकरावीतली मुलगी. वडील २०१७ साली गेले. मागे शेडमध्ये राहिली १९५७ ची लाल एमजीए, म्हणजे दोन सीटची, उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. वडिलांनी ती १९७६ साली मुंबईच्या एका कुटुंबाकडून, तिथले कर्ते गृहस्थ वारल्यावर घेतली होती. १९८३ मध्ये इंजिनच्या ब्लॉकला, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य ओतीव भागाला, तडा गेला, तेव्हा मिरजेच्या मिस्त्रींनी अँबेसिडरचा ब्लॉक बसवला. हेड (ब्लॉकवरचं झाकण) आणि पेट्रोल-हवा मिसळणारे दोन्ही कार्बोरेटर मूळचेच ठेवले. २०११ पर्यंत गाडी फिरत होती. २०१९ च्या महापुरात शेडमध्ये सीटपर्यंत पाणी आलं, आणि तेव्हापासून गाडी ताडपत्रीखाली आहे. दसऱ्याला झेंडूचा हार मात्र न चुकता पडतो. पुण्याच्या एका खरेदीदाराने ‘इंजिन अँबेसिडरचं, गाडी ओरिजिनल नाही’ म्हणून निम्मा भाव सांगितला. पत्नी म्हणते विकून टाका, मुलीच्या शिक्षणाला होतील. इचलकरंजीची बहीण काहीच बोलत नाही. यांनी पान्यांचा सेट आणलाय, मोबाइलवर पुष्कळ व्हिडिओ पाहिलेत. मेमध्ये महिनाभर रजा टाकायची, बॉडी चेसिसवरून उतरवायची, सगळी गाडी खोलून नवी करायची, असा बेत आहे. विचारतात: ‘ताई, विकू की घरीच रिस्टोअर करू? विकली तर वडिलांनाच विकल्यासारखं वाटेल. आणि करायला घेतली अन् नाही जमली, तर सगळे हसतील.’

नमस्कार.

तुमचं पत्र चार पानी आहे. दुसऱ्यांदा वाचताना मी पेन्सिल घेऊन बसले. वडील गाडी कशी पुसायचे, पुण्याचा माणूस काय म्हणाला, वहिनी काय म्हणाल्या, शेडचा पत्रा कुठे गळतो, सगळं आहे. एक गोष्ट मात्र सापडली नाही. ती गाडी चालवायला तुम्हाला आवडतं का? शोधून एवढंच मिळालं की वडिलांनी तुमच्या हातात स्टिअरिंग दोनदा दिलं, दोन्ही वेळा हरिपूरच्या रस्त्यावर, आणि दोन्ही वेळा गिअर कधी टाकायचा ते शेजारी बसून तेच सांगत होते.

हे खुसपट म्हणून काढत नाहीये. ‘विकू की रिस्टोअर करू’ हा प्रश्न मला तुमचा वाटलाच नाही. अर्धा त्या खरेदीदाराचा आहे आणि अर्धा मोबाइलमधल्या व्हिडिओंचा. त्या व्हिडिओत गंजका सांगाडा वीस मिनिटांत आरशासारखा होतो. मधली दोन-तीन वर्षं, चार माणसं आणि गोदामाएवढी जागा कोणी दाखवत नाही.

आधी ते वडिलांना विकण्याचं बघू. १९७६ साली वडिलांनी ही गाडी ज्या घरातून आणली, तिथलेही गृहस्थ नुकतेच गेले होते. म्हणजे तिथेही कोणी मुलगा किंवा मुलगी असणार, गाडीसमोर उभं राहून हाच विचार करणारी. त्यांनी विकली म्हणून तुमच्या वडिलांना ती मिळाली, आणि पुढची ३५ वर्षं ती सांगलीत पळाली. त्या पोरांनी बाप विकला असं तुमच्या वडिलांच्या मनात कधी आलं असेल का? तेव्हा विकणं हे पाप नाही, हे एकदा मनात पक्कं करा. मग ठेवायची तर खुशाल ठेवा. पण धास्तीपोटी ठेवलेल्या गाडीचं काय होतं ते तुम्ही २०१९ पासून बघताय. हार दरवर्षी नवा, ऑइल तेच.

आता ‘ओरिजिनल नाही’ या शिक्क्याबद्दल. माझे वडील साताऱ्यात गॅरेज चालवायचे. हँडलॅम्प धरायचं काम माझ्याकडे, त्यामुळे अँबेसिडरचं इंजिन मी गणिताच्या पुस्तकापेक्षा जास्त वेळा उघडलेलं पाहिलंय. तुमच्या एमजीएचं मूळ इंजिन १४८९ सीसीचं, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी सीरिज’ घराण्यातलं. आणि इसुझूचं इंजिन येईपर्यंत आपल्या पेट्रोल अँबेसिडरमध्ये होतं तेही १४८९ सीसीचं, बी सीरिजचंच. बोअर (सिलिंडरचा व्यास) साधारण ७३ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ८९, दोन्हीकडे सारखं. सख्खी भावंडं म्हणा. एक अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात स्पोर्ट्स कारमध्ये बसलं, दुसऱ्याने आयुष्यभर टॅक्सी ओढली. एमजीएला दोन कार्बोरेटर आणि जास्त कॉम्प्रेशन मिळालं, म्हणून तिची ताकद जास्त.

१९८३ साली सांगलीत बसून एमजीचा ब्लॉक मागवणार कुठून? परवाना, परकीय चलन, कस्टम, गाडी तिथेच संपली असती. मिस्त्रींनी भाऊबंदांतला ब्लॉक शोधून बसवला आणि ती आणखी २८ वर्षं चालवली. खरेदीदार खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. संग्राहकांच्या बाजारात मूळ नंबरचं इंजिन नसलेल्या गाडीला भाव कमी येतो. पण तो बाजार गाडी उभी करून बघणाऱ्यांचा आहे. घरी पाना हातात घेणाऱ्याच्या दृष्टीने तुमचं नशीब थोर. गॅसकेट, रिंगा, बेअरिंग यांतलं बरंचसं जुन्या अँबेसिडरवाल्यांच्या फडताळात अजून निघेल. फक्त एक ध्यानात ठेवा. मिस्त्रींनी कॅमशाफ्टही (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) अँबेसिडरचाच ठेवला असेल, तर टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्हवर सोडायची बारीक फट, अँबेसिडरचा पाळायचा, एमजीच्या पुस्तकातला नाही. हे पुस्तकात सापडणार नाही, मिस्त्रींच्या डोक्यात आहे. त्यांच्याकडे मी परत येणार आहे.

ब्लॉक बदलला म्हणजे इंजिन नंबर बदलला. आरसी बुक काढा आणि त्यावरचा नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी ताडून बघा. १९८३ मध्ये वडिलांनी आरटीओत नोंद केली असेल तर उत्तम. नसेल तर पहिलं काम तेच, कारण हा घोळ ठेवून ना गाडी रस्त्यावर आणता येईल ना सरळपणे विकता येईल. वडिलांच्या नावावरून गाडी वारसाच्या नावावर करायची तर फॉर्म ३१ भरावा लागतो. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं, तेही थकलंय. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय झाली आहे. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्याने नोंदवायची असेल तर ‘व्हीए’ मालिका मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. पण त्यात दोन अटी आहेत. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेणं एवढंच. आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. तुमचा ब्लॉक या अटीत कसा बसतो ते एमएच १० च्या कार्यालयात आधी विचारून घ्या, मग ठरवा.

कागदाचा विषय निघाला की बहिणीचा निघतो. चार पानांत तुम्ही सगळीकडे ‘माझी गाडी’ लिहिलंय. वडिलांनी मृत्युपत्रात तसं लिहून ठेवलेलं नसेल तर ती एकट्या तुमची नाही. तुमच्या आई हयात असतील तर त्यांचीही, आणि बहिणीची तर आहेच. बहीण गप्प आहे याचा अर्थ तिचं काही म्हणणं नाही, असा तुम्ही लावलात. मी बहीण आहे, म्हणून सांगते, आमची गप्प बसण्याची कारणं पुष्कळ असतात. रजा टाकायच्या आधी एक दिवस इचलकरंजीला जा आणि विचारा. गाडीत रस नसेल तर संमती लेखी घ्या. रस असेल तर तुमच्या अर्ध्या चिंता वाटल्या जातील. तिलाही त्या सीटवर बसल्याची काही आठवण असेल, ती कोणी विचारलीय का?

आता तुमचा मे महिन्याचा बेत. तो रद्द करा.

हे मी रागाने नाही, पोळलेल्या हाताने लिहितेय. आमच्याकडे एक स्टँडर्ड हेराल्ड होती. मद्रासला बनायची ती, ट्रायम्फच्या हेराल्डचा देशी अवतार. धाकट्या भावाने एका गणपतीत तिचं इंजिन उघडलं. ‘दिवाळीपर्यंत बसवतो’ म्हणाला. पहिला आठवडा मोठ्या उत्साहाचा. प्रत्येक नट रॉकेलमध्ये धुऊन वर्तमानपत्रावर मांडलेला. मग पावसाने ओल धरली, वर्तमानपत्रं बदलली, नट एकाच डब्यात गेले. पुढे लग्न, नोकरी, बदली. सात वर्षांनी भंगारवाला आला तेव्हा हेराल्ड किलोवर गेली, आणि तो नटांचा डबा अजून आमच्या माळ्यावर आहे. तिला गंजाने मारलं नाही. चालू गाडी आम्ही खोलली, त्याने ती मेली.

गाडी खोलायला एक रविवार पुरतो. जोडताना कळतं की तो बारका वॉशर कुठून निघाला होता ते कोणीच लिहून ठेवलं नाही. म्हणून घरी काम करणाऱ्याने एका वेळी एकच भाग काढावा, तो दुरुस्त करून परत बसवावा, मगच पुढच्याला हात लावावा. गाडी रोज संध्याकाळी ‘गाडी’ दिसली पाहिजे. वडिलांची जावा, लँब्रेटा किंवा पद्मिनी दारात असलेल्या बाकीच्या वाचकांनीही एवढं पाळावं.

आणि रंग सर्वांत शेवटी. पुष्कळ लोक आधी डेंटिंग-पेंटिंग करून घेतात, कारण ते दिसतं. मग ब्रेक ऑइल सांडतं, आणि ब्रेक ऑइल रंग खातं.

तुमच्या जागी मी काय क्रमाने करीन ते सांगते.

आधी पाने. तुम्ही आणलेला सेट मिलिमीटरचा असणार. ही गाडी इंची मापाची. अर्ध्या इंचाचा नट म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ चा पाना बसतो, बसल्यासारखा वाटतो, आणि जोर लावला की कडा गोल करून टाकतो. इंची रिंग पाने आणि गोटी सेट घ्या. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, चार घोड्या (लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय पाय आत सरकवायचा नाही. शेडचा मातीचा तळ असेल तर घोडीखाली जाड फळी हवी. एकटे असताना खाली जायचं नाही. यात चर्चा नको.

मग पुराचं पाणी. सांगलीला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, ते ओसरलं. तुमच्या चेसिसमध्ये गेलेला गाळ ओसरलेला नाही. एमजीएची चेसिस पोकळ पेटीसारख्या पत्र्याची. आत बसलेला कृष्णेचा गाळ दर पावसाळ्यात ओल धरतो आणि पत्रा आतून खातो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुऊन काढा, उन्हात आठवडाभर वाळवा, मग आतून गंजरोधक ऑइल मारा. पायाखालच्या फळ्या लाकडी प्लायच्या आहेत, त्या कुजल्या असतीलच. सुताराकडून मरीन प्लायच्या कापून घ्या, जुन्या फळ्या मापाला द्या, फेकू नका. दारं, बॉनेट आणि डिकीचा वरचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा असतो. डेंटरला हे आधी सांगा, नाहीतर तो लोखंड समजून ठोकेल.

गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल आणि इंजिन, तिन्हींचं ऑइल काढा. ताकासारखं पांढरट निघालं तर आत पाणी आहे. स्वस्त ऑइल भरून हाताने फिरवून परत काढायचं, स्वच्छ निघेपर्यंत. एमजीएच्या गिअरबॉक्समध्ये इंजिन ऑइलच घालायचं असतं, मागच्या अ‍ॅक्सलमध्ये ९० नंबरचं गिअर ऑइल. नव्या गॅरेजमधली पोरं सवयीने दोन्हीकडे गिअर ऑइल भरतात.

सेल्फ मारायचा मोह आवरा. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ ऑइल सोडा आणि चार-पाच दिवस तसंच राहू द्या. मग चौथा गिअर टाकून, प्लग काढलेलेच ठेवून, दोघांनी गाडी हळूच पुढेमागे हलवून बघा. इंजिन फिरलं तर देवाला नारळ. अडलं तर जोर नको, पुन्हा ऑइल, पुन्हा आठवडा. जाम इंजिन धीराने सुटतं आणि सेल्फने मोडतं.

इंजिन फिरतंय कळलं की लोक लगेच ते चालू करायच्या मागे लागतात. तुम्ही ब्रेककडे जा. तुमच्या गाडीला चारही चाकांना ड्रम आहेत आणि हायड्रॉलिकची लाइन एकच. आजच्या गाड्यांसारख्या दोन वेगळ्या लाइनी नाहीत. एक रबरी नळी फुटली की चारही चाकांचा पायब्रेक एकदम जातो, उरतो हातब्रेक. पुरात बुडालेले व्हील सिलिंडर आत गंजलेले असणार. फार खड्डे पडले नसतील तर होन करून, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करून, नवी रबरं टाकायची. पडले असतील तर आत स्लीव्ह, म्हणजे नवी पातळ नळी, घालून घ्या. हे काम कुपवाडच्या एमआयडीसीत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात चांगला टर्नर सहज करेल. आपल्या भागात हा माणूस अजून मिळतो, यासाठी किर्लोस्करवाडीपासूनच्या सगळ्या लेथवाल्यांचे उपकार मानायचे. रबरी नळ्या सगळ्या नव्या, त्यात काटकसर नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, ते दर दोन वर्षांनी बदलायचं. ब्रेकच्या जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. टायर कितीही जाड दिसोत, २०११ पासून उभे आहेत, ते गेले असं समजा.

वीज. सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या, जोडून बारा व्होल्ट. आणि मूळ गाडीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला असतं, आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. वडिलांनी पुढे बदललं होतं की नाही हे पाहिल्याशिवाय नवी बॅटरी जोडू नका. उलटी जोडली तर डायनामो आणि रेग्युलेटरची राख व्हायला वेळ लागत नाही. बॅटरीला एक कट-ऑफ स्विच बसवून घ्या. त्याने काही अस्सलपणा जात नाही, शेड मात्र जळायची वाचते.

पेट्रोलची टाकी काढून धुवा. वडिलांच्या वेळचं पेट्रोल आणि आजचं, दोन वेगळ्या वस्तू आहेत. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या रबराला पिचवतं. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची प्रत्येक नळी इथेनॉल चालणारी टाका, मधे फिल्टर बसवा, आणि महिनोन्महिने टाकीत पेट्रोल भरून ठेवू नका. २००० सालापासून पेट्रोलमध्ये शिसंही नाही, त्यामुळे कधी हेड उतरवावं लागलंच तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हला कडक सीट बसवून घ्या. त्यासाठी मुद्दाम हेड उतरवू नका.

इग्निशन दिल्यावर मागून पेट्रोल पंपाची टकटक ऐकू येईल, आणि कार्बोरेटर भरले की ती थांबेल. थांबलीच नाही तर कुठेतरी गळतंय. आधी ते शोधा, मग बाकीचं.

आता मिरजेचे मिस्त्री. तुम्ही त्यांच्याबद्दल अडीच ओळी लिहिल्यात: ‘वय ७७, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, हात थरथरतात, आता त्यांचा उपयोग नाही.’ हे वाचून मी पेन्सिल खाली ठेवली. अहो, या सगळ्या प्रकरणात सगळ्यांत दुर्मीळ वस्तू गाडी नाही. एमजीए लाखाच्या वर बनल्या. त्यांचे सुटे भाग आजही विलायतेत नवे बनतात, पैसे आणि सवड असेल तर दारात येतात. पण तुमच्या गाडीत १९८३ साली काय बसवलं, काय घासून बसवलं, कुठल्या ठिकाणी दोन वॉशर आहेत, हे जाणणारा माणूस एकच आहे, तोही ७७ वर्षांचा.

त्यांच्या घरी जा, पेढे घेऊन जा. महिन्यातून दोन रविवार रिक्षाने आणायचं, शेडमध्ये खुर्ची टाकायची, चहा द्यायचा आणि निघताना पाकीट द्यायचं. ‘तुम्ही आमच्या घरचेच’ म्हणून फुकट राबवायचं नाही. हात तुमचे, कान त्यांचे. दोन कार्बोरेटर एकसारखे लावायचे असतात ते कसे, माहितीय? रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं आधी एका कार्बोरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या. हवेची सरसर दोन्हीकडे सारखी येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारे कारागीर बसतात त्याच तऱ्हेचं काम हे, डोळ्यांचं कमी आणि कानाचं जास्त. मोतीबिंदूने कान जात नाहीत.

टॅपेट लावायलाही त्यांच्याकडूनच शिका. आमच्या वडिलांनी मला शिकवलं होतं की आठ व्हॉल्व्हच्या या इंजिनात बेरीज नऊ आली पाहिजे. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिल्याचा गॅप बघायचा, सातवा दाबलेला असताना दुसऱ्याचा, सहावा तर तिसऱ्याचा. मी तेव्हा चौथीत होते, बेरजेत पक्की झाले ती अशी. तुमची मुलगी अकरावीला आहे म्हणता. तिला बोलवा असा आग्रह नाही, पण ती आली तर ‘अभ्यास कर जा’ म्हणू नका. एक वही ठेवा. मिस्त्री बोलतील ते तारीख घालून लिहा, प्रत्येक भाग काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्या. पुढे विकायची ठरली तर या वहीचेही पैसे येतात. माहीतगार घेणारा आधी तीच मागतो.

राहिल्या वहिनी. त्यांचा विरोध गाडीला आहे असं तुम्ही गृहीत धरलंय. पत्रातलं त्यांचं वाक्य तुम्हीच जसंच्या तसं उतरवलंय: ‘एक दसरा सोडला तर त्या शेडकडे तुम्ही बघता तरी का?’ मला हा गाडीला विरोध वाटत नाही. सहा वर्षं नुसतं बोलणं ऐकून आलेला कंटाळा वाटतो. त्यात महिन्याची रजा आणि न सांगितलेला खर्च अशी भर पडली, तर मीही चिडले असते. महिन्याला किती रुपये आणि आठवड्यात किती तास, हे दोघांनी बसून ठरवा, आणि आकडा त्यांना ठरवू द्या. मुलीच्या फीच्या पैशाला हात लागणार नाही हे आधी कागदावर येऊ दे. ठरलेले पैसे संपले की त्या महिन्याचं काम संपलं. घरी केल्याने काम स्वस्त पडतं हा तुमचा हिशेबही थोडा तपासा. मजुरी वाचते हे खरं, पण चुकून मोडलेल्या वस्तू आणि दोनदा घेतलेले भाग हाही खर्चच असतो. हौसेला मोल नसतं म्हणतात ते बहुधा हिशेब लिहीत नसावेत.

सहा महिने असं करून बघा. रविवारचे तीन तास, त्याहून जास्त नाही. तोवर विकायचा निर्णय नको आणि रिस्टोअर करायचाही नको. मधे पुण्याच्या माणसाचा फोन आला तर ‘काम चालू आहे’ म्हणा. सुरू होणाऱ्या आणि ब्रेक लागणाऱ्या गाडीला तो नंतरही गिऱ्हाईकच आहे, आणि तेव्हा भाव निम्म्याचा राहणार नाही.

या सहा महिन्यांत तुम्हाला एक गोष्ट कळेल, जी पत्रात नव्हती. रविवारी सकाळी शेडकडे जाताना पाय ओढत नेताय की चहा अर्धा टाकून पळताय? पाय ओढत असाल, तर चालू करून, कागद नीट करून, बहिणीचा वाटा देऊन गाडी विका, आणि त्याआधी गाडीच्या पहिल्या फेरीला मिस्त्रींना शेजारी बसवा. तुमच्या वडिलांना गाड्या आवडायच्या म्हणून तुम्हाला आवडल्याच पाहिजेत असा काही कायदा नाही. पळत जात असाल, तर रंगाचं पुढच्या वर्षी बघू. कागद आणि ब्रेक झाले की एखाद्या सकाळी हरिपूरपर्यंत जाऊन या, आणि गिअर कधी टाकायचा ते या वेळी तुमचं तुम्ही ठरवा.

हसण्याचं म्हणाल, तर सांगलीत बंद गाडीला दरवर्षी हार घातला तरी लोक हसतातच.

येत्या रविवारी काय करायचं तेवढं सांगून थांबते. ताडपत्री पूर्ण काढा, गाडीला ऊन लागू द्या, जुन्या बॅटऱ्या बाहेर काढा आणि दारांच्या आतल्या ओढायच्या दोऱ्या बघा. एमजीएच्या दाराला बाहेरून हँडल नसतं, हात आत घालून दोरी ओढावी लागते. पुराच्या पाण्याने ती कुजली असेल आणि ऐन वेळी हातात येईल. मिस्त्रींना बसवण्यापूर्वी ती बदलून ठेवा.